सुपारीच्या बटव्यावरचा टाका

माझी बायको गेली त्याला आता चार महिने होतील. ती बाळंतपणाची डॉक्टर होती. सदाशिव पेठेत आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तिचं दहा खाटांचं प्रसूतिगृह होतं आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो. मधला मजला एका क्लासवाल्यांचा. त्यामुळे कितीतरी वर्षं आमच्या पायाखाली अकरावीची मुलं गणितं सोडवत होती आणि त्यांच्या पायाखाली बायका बाळंत होत होत्या. पुढे तिने प्रसूतिगृह बंद केलं तेव्हा तिचं टेबल तेवढं वर आणलं. त्याचे कप्पे आवरायचं काम मी इतके दिवस पुढे ढकलत होतो. गेल्या आठवड्यात सगळ्यात खालचा कप्पा ओढला, तर त्यात माझ्या आईचा सुपारीचा बटवा निघाला.

जांभळ्या कापडाचा, तीन कप्प्यांचा, नाड्यांना कवड्या लावलेला. उजेडासमोर धरला की त्यातून सुईची भोकं दिसतात, दोन्ही बाजूंना ओळीने. ती भोकं पडली त्याच्या दोन वर्षं आधीच आई गेली होती, म्हणून बरं. तिने बघितलं असतं तर सुनेला बोलली नसती, मला बोलली असती.

मी एका संशोधन संस्थेत हस्तलिखितं सांभाळायचो. म्हणजे जुन्या पोथ्या कपाटातून खाली काढायच्या, झाडायच्या, कीड लागली असेल तर वेगळ्या काढायच्या आणि पुन्हा बांधून जागेवर ठेवायच्या. लोकांना हे काम ऐकून झोप यायची. आमच्या घरात धावपळीचं काम तिचं होतं आणि सावकाशीचं माझं. दोघांच्या कामाचा एकमेकांशी काही संबंध येईल असं लग्नानंतरची वीसेक वर्षं तरी आम्हाला वाटलं नव्हतं.

तो काळ पुण्यात सगळंच बदलण्याचा होता. आमच्या गल्लीत चक्कीच्या शेजारी सायबर कॅफे निघाला. तिच्याकडे बाळंतपणासाठी नाव घालायला येणाऱ्या बायकांमध्ये यवतमाळ, अकोला, अमरावतीकडून आलेल्या मुली वाढल्या. त्यांचे नवरे कंपन्यांत कॉम्प्युटरवर काम करायचे. सासर-माहेर चारशे मैलांवर, शेजारी ओळखीचे नाहीत. "यांना बाळंतपणाच्या आधी गप्पांचीच जास्त गरज असते," ती म्हणायची, आणि तपासणीला दुप्पट वेळ घ्यायची.

त्याच सुमारास तिने कुठल्याशा बैठकीत एका नव्या टाक्याबद्दल ऐकलं. घरी आल्यावर पर्स खाली न ठेवताच तिने मला ते सांगायला सुरुवात केली. मूल आणि वार बाहेर पडल्यावर गर्भाशय मुठीसारखं आवळतं. ते आवळलं की आतल्या रक्तवाहिन्यांची तोंडं मिटतात. क्वचित ते आवळतच नाही. ओल्या पिशवीसारखं सैल पडून राहतं आणि बाई डोळ्यांदेखत रिकामी होऊ लागते. आधी इंजेक्शनं द्यायची, पोट चोळायचं, हातांनी दाबायचं. एवढ्याने भागलं नाही तर शेवटी पोट उघडून गर्भाशय काढून टाकायचं. तिने ते आयुष्यात तीनदा केलं होतं. तिन्ही बायका वाचल्या. त्यातली एक एकोणीस वर्षांची होती, आणि तिचं पहिलं मूल आठव्या दिवशी गेलं. ती मुलगी पुढे कधी रस्त्यात दिसली की आमची ही पलीकडच्या फुटपाथवर जायची. मला वाटायचं ओळख टाळते. खरं तर तिला तोंड दाखवायची लाज वाटायची.

"इंग्लंडमधल्या एका सर्जनने गर्भाशय न काढता त्याला बाहेरून टाका घातलाय," ती म्हणाली. "पँटला गॅलिस लावतात ना, खांद्यांवरून जाणारे पट्टे, तसा. पुढून वर, डोक्यावरून मागे, मागून आडवा, परत डोक्यावरून पुढे. मग आवळून गाठ. मला तो कागद हवाय."

माझा भाचा तेव्हा नोकरीसाठी इंग्लंडमध्ये होता. त्याने तिथल्या ग्रंथालयातून तो लेख मिळवून ई-मेलने पाठवला. सायबर कॅफेत मी पाऊण तास बसून होतो. चित्र पडद्यावर वरून खाली उतरत होतं, पोथीचं पान कुणी सावकाश उघडावं तसं. छापून निघालं ते काळपट होतं, पण रेषा कळत होत्या.

रविवारी सकाळी तिने आईचा बटवा काढला. त्यात कापूस आणि जुने पायमोजे भरले, तोंड बांधलं आणि उलटा करून डायनिंग टेबलावर ठेवला. जाड दोरा ओवला आणि चित्र समोर ठेवून टाका घालायला बसली. मी पेपर वाचत होतो. दहा मिनिटांनी टर्रकन आवाज आला.

"फाटला," ती म्हणाली.

पुन्हा घातला. पुन्हा आवळताना दोरा कापडात रुतला आणि दोन बोटं फाटलं.

"हे असं आत झालं तर संपलंच," ती पुटपुटली. "सैल ठेवला तर उपयोग नाही, आवळला तर कापतोय."

मी पेपर खाली ठेवला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिचं काय चुकतंय ते दिसत होतं. माझ्या हाताखाली नवा आलेला प्रत्येक माणूस पोथी बांधताना हेच करायचा.

"अगं, तू ओढते आहेस."

"मग? ओढल्याशिवाय आवळणार कसं?"

"पोथी बांधताना दोरी ओढत नाहीत. ओढली की कडेची पानं कापली जातात. एकाने वरची फळी दोन्ही तळव्यांनी दाबून धरायची. ती दबली की दोरी आपोआप सैल पडते. दुसऱ्याने फक्त ती सैल झालेली दोरी गोळा करायची आणि गाठ मारायची. दाबायचं काम दोरीचं नाही. दोरीने फक्त दाबलेलं धरून ठेवायचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचं हे बघणं मला माहीत होतं. एखादी पेशंट सहज काहीतरी सांगून जाते आणि त्यातच निदान असतं, तेव्हा ती असं बघायची.

"दाबा," ती म्हणाली.

मी बटवा दोन्ही हातांनी दाबला. तिने दोरा गोळा केला, गाठ मारली. मी हात काढले. बटवा तसाच, घट्ट मुठीएवढा राहिला. कापड कुठे फाटलं नाही.

मग ती तो कागद पुन्हा वाचू लागली आणि हसली. "अहो, लिहिलंय की इथे. सहायकाने दाबून धरावे. मी तीनदा वाचलं आणि पुढे गेले." आणि लगेच, "पण तुम्ही उगाच फुशारकी मारू नका."

पुढचे सहा-सात रविवार तो बटवा आमच्या टेबलावर होता. दुसऱ्या रविवारी तिच्या लक्षात आलं की नेहमीचा धागा अर्ध्या वाटेत संपतो. हा टाका एकाच अखंड धाग्याने घालायचा असतो. तिने लांब धागे आणि मोठी वाकडी सुई मागवली, एका डब्यात ठेवली आणि डब्यावर माझ्याकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं: 'याला हात लावू नये.' तिसऱ्या रविवारपासून ती प्रसूतिगृहातल्या सिस्टरना वर बोलवू लागली. सिस्टर पुण्याजवळच्या मांजरी गावाकडच्या, शेतकरी घरातल्या. त्यांच्या गावापर्यंत शहर आलं, जमिनीला भाव आला, भावांनी गाड्या घेतल्या. यांनी मात्र नोकरी सोडली नाही. कांदे काढून घट्ट झालेले त्यांचे तळवे माझ्या दुप्पट होते.

"बाई, हे काय खूळ हाय? रविवारचं बटवं दाबायला बोलावता," त्या म्हणायच्या.

"दाबा हो, चहा करते मग."

"चहा आधी."

मग दीडेक वर्ष तो डबा तसाच पडून राहिला. दर महिन्याला ती धाग्याची मुदत तपासायची, एवढंच.

तो दिवस दुसऱ्या शनिवारचा होता. मला सुट्टी. दुपारी जेवून मी आडवा होणार तेवढ्यात सिस्टरनी जिन्यातूनच हाक मारली. "साहेब, भूलवाल्या डॉक्टरांना घेऊन या. फोन लागत न्हाई. पळा."

खाली एक मुलगी बाळंत झाली होती. तेवीस वर्षांची, माहेर यवतमाळकडचं. मुलगा झाला, रडला, वार पडली, आणि मग रक्त थांबेना. इंजेक्शनं देऊन झाली होती. बायको एक हात आतून आणि एक पोटावरून असं गर्भाशय दाबून धरून उभी होती. ते दोन हात तिथे होते म्हणून ती मुलगी जिवंत होती. हात काढून कुठे जायची सोय नव्हती.

भूल देणारे डॉक्टर दोन गल्ल्यांपलीकडे राहायचे. फोन लागणार नव्हताच. ते दुपारी जेवल्यावर रिसीव्हर काढून बाजूला ठेवायचे, हे आमच्या सगळ्या भागाला माहीत होतं आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. मी धावत गेलो, दोन जिने चढलो. दारावर पाटी होती: 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये.'

इथे मी जे केलं ते लिहायला इतकी वर्षं गेली. मी बेल वाजवली नाही. मी बोटाच्या पेराने दारावर हळू टकटक केली. थांबलो. पुन्हा केली, थोडी मोठ्याने. आयुष्यभर पाटीवर लिहिलेलं पाळण्यात गेलेला माणूस मी. तिकडे एक बाई रक्ताने भिजत असताना माझा हात बेलपर्यंत जाऊन परत येत होता. किती वेळ गेला, सांगता येत नाही. दोन मिनिटं असतील. मग मी बटणावर अंगठा ठेवला तो काढलाच नाही.

डॉक्टर बनियनवर दारात आले. "पाटी वाचता येत नाही का?"

"येते. म्हणून तर इतका वेळ वाजवली नाही," मी म्हणालो. "बाळंतीण आहे. रक्त थांबत नाही."

त्यांनी शर्ट हातात घेतला आणि माझ्या पुढे जिना उतरले. बटणं त्यांनी रस्त्यातून धावताना लावली.

आम्ही पोचलो तेव्हा प्रसूतीच्या खोलीचा पडदा अर्धा सरकलेला होता. बाहेर त्या मुलीचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. कॉम्प्युटर कंपनीतला, अमेरिकेला जायची तयारी चाललेली. त्याच्या हातात मोबाइल होता. तेव्हा अख्ख्या इमारतीत तेवढा एकच. मुलीची आई बाकावर, पदर तोंडात. आतून, मान न वळवता, माझी बायको त्या दोघांशी बोलत होती.

"नीट ऐका. दोन रस्ते आहेत. गर्भाशय काढून टाकलं की रक्त नक्की थांबेल. पण पुढे मूल होणार नाही. दुसरा रस्ता, एक टाका घालून बघायचा. मी तो आजवर कुठल्याही बाईला घातलेला नाही. सराव केलाय. आत्ता माझ्या हातांनी दाबल्यावर रक्त थांबतंय, त्यावरून मला वाटतं टाक्यानेही थांबेल. पंधरा मिनिटं घेईन. नाही थांबलं तर काढून टाकीन, तेव्हा मी विचारायला बाहेर येणार नाही."

"मॅडम, म्हणजे, सक्सेस रेट किती आहे?" मुलगा कसाबसा म्हणाला.

"अहो, तुमची बायको एकच आहे. टक्के काढायला शंभर कुठून आणू?"

मुलीची आई उठून उभी राहिली. "बाई, माह्या लेकीले इचारा ना. शुद्धीत हाये ते."

मला वाटतं त्या दिवशी सगळ्यात शहाणं वाक्य त्या माउलीने उच्चारलं.  आतून माझ्या बायकोचा आवाज आला, अगदी हळू, आणि त्यावर त्या मुलीचं काहीतरी. मग बायको मोठ्याने म्हणाली, "ती म्हणते टाका घाला. सही करा. सिस्टर, डबा."

थिएटरचं दार बंद झालं. मुलाने मोबाइलवरून ऑफिसात कुणाला तरी सांगितलं, आणि अर्ध्या तासात गळ्यात कंपनीचे बिल्ले अडकवलेली नऊ-दहा मुलंमुली जिन्यात उभी होती. त्यांच्यातली आणखी दोघं तिच्या रक्ताचा नमुना घेऊन रक्तपेढीत आधीच पोचली होती. बाकीचे रक्त द्यायला कुठे जायचं ते विचारत होते. वरच्या क्लासमधून गणिताचे सर खाली आले, गोंगाटाबद्दल बोलायला. कारण कळल्यावर तेही बाही वर करून रांगेत उभे राहिले.

आत काय झालं ते सिस्टरनी नंतर मला सांगितलं, एकदा नाही, वीस वेळा. बायकोचे हात इतका वेळ दाबून सुन्न झाले होते. हातमोजे बदलताना तिला बोटं वळवता येत नव्हती. सिस्टरनी ती धरून चोळली. पोट उघडलं. गर्भाशय बाहेर घेतलं, फिकट आणि लिबलिबीत. आधी सिस्टरनी ते दोन्ही तळव्यांत धरून दाबलं. दुसरी नर्स खालून रक्त येतंय का ते बघत होती. ती म्हणाली, थांबलंय. मगच बायकोने सुई हातात घेतली.

"बाई बोलत हुत्या," सिस्टर सांगायच्या. "दुसऱ्या कुनाशी न्हाई, सोताशीच. पुढून वर. डोक्यावरनं मागं. मागं आडवा. आन् मला येकच सारखं सांगत हुत्या: सिस्टर, तुम्ही दाबा, मी ओढणार न्हाई. तुम्ही दाबा, मी ओढणार न्हाई. गाठ मारली. म्हनल्या, आता हात काढा. मी काय काढंना. भ्याव वाटलं. तवा म्हनल्या, सिस्टर, बटवा समजा. मग काढलं."

गर्भाशय तसंच राहिलं, आवळलेलं. खालून नर्स म्हणाली, नाही, काही येत नाही. माझ्या बायकोने घड्याळाकडे बघून पाच मिनिटं तशीच वाट बघितली.  मग तिने पोट शिवायला घेतलं.

ती संध्याकाळी वर आली तेव्हा तिला चहाचा कप धरता येत नव्हता. मी बशीत ओतून दिला. मी तिला बेलचं सांगितलं. लपवणं शक्य नव्हतं.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"दोन मिनिटं. जास्तही असेल."

तिने बोटं एकेक करून वाकवून पाहिली. "त्या दोन मिनिटांनीच माझी डावी करंगळी गेली," ती म्हणाली. मग म्हणाली, "पाटी त्यांची, टकटक तुमची. पुण्यात राहायचं म्हणजे हात मजबूत हवेत." त्यानंतर त्या गोष्टीवरून तिने मला एकदाही बोल लावला नाही. भूलवाल्या डॉक्टरांच्या पाटीखाली मात्र पुढच्याच आठवड्यात नवी ओळ आली: 'डॉक्टरांना न्यायला आलेल्यांनी वाजवावी, व थांबू नये.'

तिचं मोठेपण त्या दुपारपुरतं होतं असं मला वाटत नाही. ते त्या सात रविवारांत होतं. कधी लागेल की नाही ठाऊक नसलेल्या एका गोष्टीसाठी फाटका बटवा पुन्हा पुन्हा शिवत बसण्यात होतं. आणि 'मी हा टाका आजवर घातलेला नाही' हे पेशंटच्या नवऱ्याला सांगण्यात होतं. मी पुष्कळ विद्वान माणसं जवळून पाहिली. हे वाक्य बोलणारी फार थोडी भेटली.

परवा, तिची जर्नलं आणि टिपणांच्या वह्या मी गठ्ठे करून बांधायला बसलो होतो. तिच्या हाताखाली शिकलेल्या एका डॉक्टरणीला त्या हव्या आहेत. लाल कापड पसरलं, वर-खाली पुठ्ठे घातले. पण एका माणसाने गठ्ठा नीट बांधला जात नाही. गुडघा ठेवून पाहिला, या वयात तो टिकत नाही. तेवढ्यात बेल वाजली.

दारात ती होती. यवतमाळची ती मुलगी, आता केस कानांशी पांढरे झालेली. अमेरिकेत काही वर्षं राहून ती मंडळी परत आली आणि बाणेरला असतात. मुलगा दुसऱ्या गावी शिकतो. बातमी तिला उशिरा कळली होती. ती बसली, पाणी प्याली, भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिली.

"काका, एक सांगायचं राहून गेलं मॅडमना," ती म्हणाली. "आम्ही दुसरं होऊ दिलंच नाही. दरवर्षी भेटायला यायचं ठरवायची, आणि वाटायचं, त्या विचारतील. त्यांनी एवढं वाचवून दिलं, आणि मी ते तसंच ठेवलं. लाज वाटायची."

मी तिला सांगितलं, कारण ते मला नक्की माहीत होतं. सहा आठवड्यांनी ती तपासून घ्यायला येऊन गेली, त्या दिवशी बायको जेवताना मला म्हणाली होती, "सगळं जागेवर आहे. आता दुसरं होऊ द्यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. मला तेवढंच हवं होतं." आणि भाताला हात घातला होता. त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला हे ठरवता आलं नव्हतं, हे बायको बोलली नाही, पण मला कळलं होतं.

 ती रडली असेल, मी पाहिलं नाही. गठ्ठ्याकडे पाहत होतो. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "हे बांधायचं आहे का? मी धरू?"

"या इथे दोन्ही तळवे ठेवा," मी म्हणालो. "जोरात दाबा. घाबरू नका, मी ओढणार नाही."

तिने दाबलं. दोरी सैल पडली, ती मी गोळा केली आणि गाठ मारली.